शेवंतीवयनींच्या काळ्या पेटीविषयी

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक माननीय रघुनाथबाब. निम्म्या मुळगावाला बाराखडी गिरवायला लावलेल्या, आजच्या प्रमुख पाहुण्या आदरणीय सुलोचनाबाई. ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो त्या सत्कारमूर्ती, आमच्या शेवंतीवयनी. सूत्रसंचालन करणारी आमची इंजिनियर गौरवी. कारखान्यातले माझे सगळे सोबती, त्यांची घरची माणसं, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशी उभी राहिलेली पुरुषमंडळी. सर्वांना या महादेवचा नमस्कार.

गौरवीने मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत माणूस काय बोलणार? आणि गप्प तरी किती बसणार? मी घरून भाषण लिहून आणलं होतं, दोन पानी. ते खिशातच राहू दे. त्यात वयनी कशा मायाळू, वयनी कशा वक्तशीर, असं सगळं आहे. खरंच आहे ते. पण ते वाचायला उभा राहिलो तर मी तेवढंच वाचून खाली बसेन, मला माझा स्वभाव माहीत आहे. जरा पाणी मिळेल का? आणि तो माझ्या डोक्यावरचा पंखा कमी करा, नाहीतर वाढवा तरी. हा मधलाच वारा नको.

तर. इथे बॅनरवर ‘सेवानिवृत्तीनिमित्त’ असं छापलंय. बॅनर ज्याने केला त्याला दोष नाही, पण ते खरं नव्हे. वयनींना अजून दोन वर्षं बाकी आहेत. त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्यात चारच ओळी आहेत. मी त्या वाचल्या, कारण टपाल माझ्या टेबलावरून जातं. त्यात लिहिलंय की माझी आठवण आता भरवशाची राहिली नाही, माझ्यामुळे चाळीस जोड्यांचा माल परत आला, पुन्हा असं होऊ नये म्हणून मी थांबते. मला त्या चार ओळींवरच बोलायचं आहे. बाकी सगळी प्रस्तावना समजा. पण प्रस्तावनेशिवाय पाहुण्यांना कळणार नाही, म्हणून ती करतो. पळत पळत करतो.

मी मूळचा दोडामार्गचा. खाणीवर ट्रक चालवायचो. खाणी बंद झाल्या तेव्हा घरी बसून बसून हिला इतका वैताग आणला की हीच एक दिवस म्हणाली, डिचोलीला कसल्यातरी कॉम्प्रेसरचा कारखाना आहे, तिथे माणूस पाहिजे. मी म्हटलं, कॉम्प्रेसर? म्हणजे टायरात हवा मारायचा! ते काम माझंच. केस विंचरून, फाइल घेऊन, रघुनाथबाबांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, साहेब, दहा चाकी असो नाहीतर सहा चाकी, हवा किती मारायची ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. बाब हसले नाहीत. ते म्हणाले, आवाजावरून सांगतोस ना, मग ठीक आहे, आमच्याकडेही आवाजाचंच काम आहे. हसल्या त्या वयनी. कोपऱ्यात बसून, तोंडाला पदर लावून, सगळा दिवस हसल्या. संध्याकाळी चहाबरोबर मला अर्धा उंडो पाव दिला आणि म्हणाल्या, ‘खा रे, हवा मारून दमलंस मां?’ ती आमची ओळख. बारा वर्षं झाली.

आता हा आमचा कॉम्प्रेसर काय असतो? गाण्याच्या स्टुडिओत असतो. गाणारा माणूस कधी पुटपुटतो, कधी एकदम टिपेला जातो. तो टिपेला गेला की त्याचा आवाज अलगद खाली धरायचा, पुटपुटला की सोडून द्यायचा. हे काम करणारी जुनी यंत्रं होती, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. जगात अजून त्यांच्यावर जीव टाकणारे लोक आहेत, ते आज तशीच नवी यंत्रं बांधतात. त्या यंत्राचं काळीज म्हणजे एक छोटा डबा, खाली आठ पिना. तो आम्ही करतो. डब्यात काय? एक पट्टी, जी आवाजाचा झटका आला की हिरवी उजळते. आणि तिच्यासमोर प्रकाश ओळखणारे दोन बारके तुकडे. कारखान्यात आम्ही सगळे त्यांना ‘दोळे’, म्हणजे डोळे, म्हणतो. आवाज वाढला, पट्टी उजळली, दोळ्यांना उजेड दिसला, आवाज खाली आला. झालं. इतकं साधं. मीही पहिल्या दिवशी असंच म्हटलं होतं, इतकं साधं, मग इतकी माणसं कशाला?

इतकी माणसं जोडीसाठी. गाणं दोन बाजूंनी ऐकू येतं, डाव्या आणि उजव्या. म्हणजे डबे दोन लागतात. डावा जितका दबला तितकाच उजवा दबला पाहिजे, आणि तितक्याच सावकाशीने सुटला पाहिजे. नाहीतर मधोमध उभी राहून गाणारी बाई ऐन सुरात डावीकडे चालायला लागते. आणि हे दोळे काही बिस्किटांसारखे एकसारखे निघत नाहीत. शंभरातले शंभर वेगळे. प्रत्येकाला किती उजेड दाखवला की तो किती उघडतो, अंधार केला की अर्धा किती वेळात मिटतो, उरलेला किती वेळात, हे सगळं मोजायचं, कागदावर लिहायचं, आणि मग याच्याशी कोणाचं जुळतं ते शोधायचं. त्या कागदाला आम्ही ‘पत्रिका’ म्हणतो. वयनींनी आजवर किती पत्रिका जुळवल्या त्याचा हिशेब कोणाकडे नाही. मुली त्यांना चिडवतात, वयनी, आमचीपण जुळवा की कोणाशी. वयनी म्हणतात, तुका अंधारात ठेवून बघूक होया आधी.

हां, अंधार. आता नीट ऐका, कारण सगळं याच्यावरच आहे. हे दोळे उजेड विसरत नाहीत. काल उन्हात पडलेला दोळा आणि काल अंधारात असलेला दोळा आज वेगवेगळे आकडे देतात. म्हणून मोजण्याआधी सगळे दोळे एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र पूर्ण अंधारात ठेवायचे. त्यासाठी वयनींनी सुताराकडून एक पेटी करून घेतली. आतून-बाहेरून काळी, खण असलेली, दाराला कडी. त्या पेटीपुढे रघुनाथबाबसुद्धा विचारल्याशिवाय जात नाहीत. मी एकदा खण जोरात आपटला म्हणून वयनींनी मला अख्खी दुपार बाहेर पत्र्याखाली उभं केलं होतं. पन्नाशीच्या माणसाला! आणि मी उभा राहिलो. का राहिलो? कारण त्यांचं बरोबर होतं.

ही चिठ्ठी आली. ‘काका, वेळ संपत आली.’ गौरवी, बाय माझे, आणखी चार चिठ्ठ्या पाठव, पण मला आज थांबवू नको.

जानेवारीत माल परत आला. चाळीस जोड्या. गिऱ्हाइकाने अगदी सौजन्याने लिहिलं होतं की पाठवल्या तेव्हा जुळत होत्या, बसवल्यावर महिन्याभरात जुळेनाशा झाल्या. वयनींनी डबे उघडले, पुन्हा मोजले, आपल्याच हातच्या पत्रिका शेजारी ठेवल्या. आकडे जुळेनात. दोन दिवस त्या पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, हे दोळे मोजायच्या आधी उजेडात राहिलेले आहेत. दुसरं कारण नाही. ही दसऱ्याच्या वेळची खेप.

त्यानंतरच्या महिन्याभरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वयनींच्या आईंचं शेवटी काय झालं तेही पुष्कळांना माहीत आहे. कोरगावच्या घरात त्या माउलीला स्वतःची मुलगी ओळखू येईना. तीन वर्षं वयनी दर रविवारी जायच्या, आणि आई विचारायची, तू खंयची गो? आमच्या वयनी आता कारखान्याच्या दारात क्षणभर थांबतात. तुम्हाला वाटत असेल चपला काढतात. मी जवळ उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. आत बसलेल्या मुलींची नावं त्या आधी पुटपुटून बघतात. सायली, पूजा, गौरवी. सगळी आठवली की मग आत येतात. म्हापशाला जाऊन डॉक्टरला दाखवून आल्या. डॉक्टर म्हणाले काही नाही. डॉक्टरवर त्यांचा विश्वास बसला नाही. कारण त्यांच्याकडे डॉक्टरपेक्षा मोठा पुरावा होता. तो पुरावा त्यांना मी दिला होता.

थांबा. पाणी घेतो.

तिसऱ्या रांगेत निळ्या साडीत बसून माझ्याकडे डोळे वटारून बघतेय ती आमची सरस्वती. सकाळी मला म्हणाली, ‘आज बोलल्याशिवाय घराक येव नकात.’ बोलतोय गो. बोलतोय.

दसरा. आमच्या कारखान्यात दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. सोल्डरिंग आयर्न, पकडी, मीटर, सगळं पुसून टेबलावर मांडायचं, रोजांची, म्हणजे झेंडूची फुलं घालायची, हळदकुंकू लावायचं. काळ्या पेटीला वयनी बाहेरूनच फूल वाहतात, बंद दाराला. यंदा वयनी दसऱ्याला कोरगावला भावाकडे गेल्या होत्या. पूजा मी केली. आणि मी पडलो ट्रकवाला. दसऱ्याला ट्रकाची पूजा करायची म्हणजे बॉनेट उघडायचं, इंजिनाला कुंकू लावायचं. ताडपत्री झाकलेल्या ट्रकाला कोण ओवाळतो? मला वाटलं, वर्षभर कारखाना जगवणारी ही पेटी, आणि तिची पूजा दार लावून? देव काय भिंतीला नमस्कार करायला येणार आहे? मी कडी काढली. खण बाहेर ओढले. पुढच्या दोळ्यांवर फुलं ठेवली. समोर स्टुलावर समई लावली, चांगली पाच वातींची, तेल काठोकाठ. आणि पूजा मांडलेली हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाहीत म्हणून सगळं तसंच ठेवून घरी गेलो.

आता बघा काय झालं असेल. समईजवळचे दोळे दिवसभर आणि रात्रभर उजेडात. मागच्या खणातले निम्मे अंधारात. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी येऊन फुलं उचलली, खण ढकलले, कडी घातली. दहा वाजता वयनी आल्या. त्यांच्या हिशेबाने दोळ्यांना दोन रात्री अंधार मिळालेला. त्यांनी मोजायला घेतलं. पण दार उघडल्याबरोबर त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, ‘म्हादेवा, पेटी कोणी उघडल्यान काय रे? तेलाचो वास येता.’ तेव्हा नवीन मुली समोर होत्या. मला पत्र्याखालची दुपार आठवली. मी म्हटलं, ‘कोण उघडतलो वयनी? समई होती मां हंय, वास येतलोच.’ समई होती हे खरं बोललो. कुठे होती ते नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी नुसता मूर्ख ठरलो असतो. मूर्ख माणसाला वयनी रागावतात, मग उंडो देतात. पण जानेवारीत माल परत आल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मुद्दाम, एकट्या, गोदामात. म्हणाल्या, ‘म्हादेवा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पेटी लावून गेले होते ना रे? तू होतास. तूच मला स्टँडवर सोडलंस.’ आणि मी, रघुनाथबाब, मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, ‘वयनी, पूजेनंतर सकाळी मी आलो तेव्हा दाराला फट होती. मीच ढकलून लावली. सांगायचं राहिलं.’

फट होती! मी असं म्हटलं.  वयनी मला म्हणाल्या, ‘असा?’ मग म्हणाल्या, ‘माका तर कडी घातललंय तां आठवता.’ आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, ‘होता वयनी कधी कधी. वय झाला.’

हां, करा, गलका करा. मागची मंडळी, आता तरी बसा, मी कुठे पळून जात नाही.

नाही नाही, गौरवी, माइक बंद करू नको.

मला नोकरीची भीती वाटली. साधी गोष्ट आहे. एकदा खाण सुटली तेव्हा घरी बसून काय होतं ते मी बघितलंय. पण त्या भीतीसाठी मी काय दिलं? माझी चूक लपवायला मी त्यांच्या डोक्यातली खरी गोष्ट खोटी पाडली. त्यांना स्पष्ट आठवत होतं. बरोबर आठवत होतं. आणि मी सांगितलं की नाही, तुम्हाला आठवतं तसं झालेलंच नाही. ज्या बाईच्या घरात आईचं तसं झालेलं, तिला मी हे सांगितलं. त्यानंतर त्या दारात थांबून मुलींची नावं म्हणायला लागल्या. मी ते रोज ऐकत होतो. राजीनामा माझ्याच टेबलावरून पुढे गेला. तो मी स्वतः पाकिटात घातला आणि बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. तरी बोललो नाही. आज बोलतोय, तेही सरस्वतीने दार बंद केलं म्हणून. माझी शूरपणाची गोष्ट यात एकही नाही.

अध्यक्ष महाराज, त्या परत आलेल्या जोड्या मी काळ्या पेटीत ठेवल्या आहेत. गेल्या आठवड्यात कोणाला न सांगता, वयनींच्याच पद्धतीने, मी त्यांतल्या थोड्या मोजल्या. माझे आकडे गचाळ असतील, पण एवढं दिसतं की दोळे चांगले आहेत. एकही मेलेला नाही. पुरेसा अंधार मिळाल्यावर ते आपापल्या खऱ्या आकड्यांवर आलेत. फक्त जोड्या बदलायला हव्यात. म्हणजे वयनींची पद्धत बरोबर, हात बरोबर, डोकं बरोबर. माझं काय करायचं ते उद्या तुमच्या केबिनमध्ये ठरवा. मी नऊला येऊन बसतो.

आणि वयनी, तुम्हाला सगळ्यांदेखत सांगतो. त्या दिवशी मी बाहेर स्कूटर चालू करून उभा होतो. कोरगावची बस चुकेल म्हणून हॉर्न वाजवत होतो. कारखान्याचं दार उघडं होतं, मला आत दिसत होतं. तुम्ही खण लावले, दार लावलं, कडी घातली...

वयनी उठल्यात. जरा थांबा सगळे. सुलोचनाबाई, त्यांना माइक देता का? नको म्हणतात. मग मीच सांगतो, मागे ऐकू आलं नसेल. त्या विचारतात, ‘कडी मियां घातललंय मां?’

होय वयनी. तुम्हीच घातली होती.

‘ओढून बघितललंय?’

ओढून बघितली. दोनदा. मी बाहेरून बोंबलत होतो, तरी दोनदा.

‘दोनदा?’ होय, दोनदा. डाव्या हाताने. उजव्या हातात तुमची पिशवी होती, पिशवीत भावाच्या घरासाठी केळ्यांचा घड होता, आणि तो दारात अडकला म्हणून तुम्ही मलाच शिव्या दिल्या.

‘आठवता माका,’ म्हणतात. त्या म्हणतात, आठवता माका.

बसा वयनी. कोणीतरी त्यांना पाणी द्या, मला पुरे.

तर मंडळी, वेळ केव्हाच संपली. रघुनाथबाबांनी मध्येच उठून मला खाली ओढलं नाही, सुलोचनाबाईंनी कान धरला नाही, त्याबद्दल दोघांचा आभारी आहे. गौरवीच्या चिठ्ठ्यांबद्दल आभार. सभागृह देणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, तिकडे भजी तळणाऱ्यांचे आभार. भजी गार झाली असतील तर ती माझ्यामुळे. आणि शेवटी रीतीप्रमाणे म्हणायचं असतं की बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. आज ते ‘असेल तर’ मला म्हणता येत नाही. चुकलं. बोलण्यात नाही, न बोलण्यात चुकलं. सभेची क्षमा मागतो, ती आपण मोठ्या मनाने द्याल. वयनींकडे मागत नाही. त्यांनी द्यावीच असं काही नाही.

काय म्हणालात, वयनी? जरा मोठ्याने.

शाल ठेवा बाजूला म्हणतात. रघुनाथबाब, शाल बाजूला ठेवायला सांगतात. आणि विचारतात, ‘त्यो चाळीस जोड्यो खंय आसत?’

पेटीत आहेत वयनी. कडी घातलीय.

म्हणतात, ‘सोमवारी मी येयसर पेटीक कोणी हात लावचो नाय. तू तर मुळीच नाय.’

ऐकलंत ना सगळ्यांनी? सोमवारी वयनी येईपर्यंत पेटीला कोणी हात लावायचा नाही. नमस्कार.